नकाराची ऐपत

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक बदल जाणवतो आहे. वारसनोंद, शेतीच्या उत्पन्नाचा हिशेब आणि करबचत या नेहमीच्या प्रश्नांबरोबर पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न येऊ लागले आहेत, आणि ते केवळ रकमांचे नाहीत. हाती येणारा पैसा योग्य वाटेने येतो का, हे त्यांना विचारायचे असते. हिशेब तपासण्याचा व्यवसाय करणाऱ्याने नीतीवर प्रवचन झोडू नये हे मला मान्य आहे. पण पैसा कोठून आला आणि त्याचा भार कोणावर पडला, हे विचारणे आमच्या व्यवसायातच येते. म्हणून या अंकात त्यांतल्या काही पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे. त्याची कंपनी मोबाइलवरून झटपट कर्ज देणारे ॲप चालवते. पगार चांगला आहे. त्यातूनच आम्ही ठिबकचे कर्ज फेडले आणि घरावर स्लॅब टाकला. दिवाळीच्या सुमारास आमच्या भाऊबंदांतल्या एका मुलाने अशाच कुठल्याशा ॲपवरून पाच हजारांचे कर्ज घेतले. हातात साडेतीन हजार आले आणि सात दिवसांनी पाच हजार मागितले. पैसे थकले तेव्हा वसुलीवाल्यांनी त्याच्या सासऱ्याला, शालकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला फोन करून नाही नाही ते सांगितले. मी मुलाला विचारले, तर तो म्हणाला, ‘‘अप्पा, ते ॲप आमचे नाही. आणि मी फक्त प्रोग्राम लिहितो, वसुलीचे खाते वेगळे आहे.’’ त्याला नोकरी सोडायला सांगावी का?
— एक केळी उत्पादक, चोपडा तालुका

उत्तर : आपण कळवलेले आकडे आधी मांडून पाहू. हातात आले ३,५०० रुपये आणि सात दिवसांनी द्यायचे ५,००० रुपये. म्हणजे साडेतीन हजारांच्या मुद्दलावर एका आठवड्याचे १,५०० रुपये. हा दर आठवड्याला सुमारे ४३ टक्के पडतो आणि चक्रवाढ न धरता वर्षाचा काढला तरी २,२०० टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडे ज्याच्या नावाने बोटे मोडली जातात तो सावकार महिन्याला शेकडा पाच घेत असला, तरी त्याचे वर्षाचे साठ टक्केच होतात. ॲपवाला या पंधराशे रुपयांना व्याज म्हणत नाही एवढेच. ‘प्रोसेसिंग फी’ या नावाखाली तो ते आधीच कापून घेतो आणि कागदावरचे व्याज किरकोळ दाखवतो.

हे प्रकार रिझर्व्ह बँकेच्या नजरेतून सुटलेले नाहीत. तिच्या कार्यगटाने २०२१ च्या आरंभी पाहणी केली तेव्हा आपल्याकडील ग्राहकांना कर्ज देऊ करणारी सुमारे १,१०० ॲप आढळली आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने नियम घालून दिले. कर्जाची रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेकडून थेट कर्जदाराच्या बँक खात्यात गेली पाहिजे. सर्व शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्याला आधीच लेखी सांगितले पाहिजे. ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून कर्जातून बाहेर पडण्याची मुभा दिली पाहिजे. आणि ॲपने कर्जदाराच्या फोनमधील संपर्कयादी, कॉलच्या नोंदी किंवा फोटो यांना हात लावता कामा नये. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, हेही त्याच वर्षी बँकेने बजावले.

आता आपल्या मुलाच्या म्हणण्याकडे येऊ. वसुलीचे खाते वेगळे असेलही. पण ज्या कंपनीत असा प्रकार चालतो तेथे सासऱ्याचा नंबर वसुलीवाल्याच्या हाती पोचतो तो प्रोग्राममधूनच. ॲप उघडताच ‘संपर्कयादी पाहू द्यावी का’ असे विचारणारी चौकट कोणीतरी लिहिलेली असते, ‘नाही’ म्हटल्यास पुढे जाता येऊ नये अशी सोयही कोणीतरी केलेली असते, आणि ती यादी कंपनीच्या संगणकावर उतरवून घेणाऱ्या ओळीही कोणाच्या तरी हातच्या असतात. फोनवरून शिवीगाळ करणाऱ्याचा पगार बहुधा प्रोग्राम लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी असतो आणि पोलिसांच्या हाती पहिला लागतो तोच. त्यामुळे ‘माझे खाते वेगळे’ या वाक्यावर मी तरी समाधान मानणार नाही. मात्र आपल्या मुलाची कंपनी त्याच जातीची आहे, असेही पत्रावरून म्हणता येत नाही. धुळ्याच्या दवाखान्यात रात्री भरायला आठ हजार कमी पडले तर कोणतीही बँक ते त्या वेळी देत नाही, आणि ही गरज नियमाने भागवणाऱ्या संस्था आहेत.

म्हणून त्याला नोकरी सोड असे सांगण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. ॲपमागे प्रत्यक्ष कर्ज देणारी बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था कोणती? रिझर्व्ह बँकेने २०२५ पासून अशा ॲपची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे, तीत हे नाव आहे का? ॲप फोनमधल्या कशाकशाची परवानगी मागते? हे तो आपल्याला फोनच्या सेटिंगमध्ये दोन मिनिटांत दाखवू शकेल. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की कंपनीची मिळकत कर्जदाराने वेळेवर फेडण्यातून होते की त्याने हप्ता चुकवण्यातून? बहुतेक पैसा व्याजातून येत असेल, तर कर्जदार तगून राहण्यात कंपनीचाही फायदा असतो. दंड आणि मुदतवाढीचे शुल्क हीच मोठी कमाई असेल, तर कर्जदार घसरावा अशीच त्या धंद्याची मांडणी आहे. मग तेथे भली माणसे कितीही असोत, वरून दबाव येणार तो त्याच दिशेने.

उत्तरे समाधानकारक नसतील तर त्याने आपला आक्षेप वरिष्ठांना ईमेलने लेखी कळवावा आणि हातची नोकरी ठेवून दुसरी शोधावी. ठिबकचे कर्ज फिटले आहे, स्लॅब पडला आहे, तीन वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. म्हणजे नाही म्हणण्याची ऐपत आज त्याच्याजवळ आहे. तीन वर्षांपूर्वी ती नव्हती, आणि तेव्हा आपण पत्र लिहिले असते तर मी वेगळा सल्ला दिला असता. राहिला भाऊबंदांतला मुलगा. त्याने आलेले संदेश आणि कॉलची ध्वनिमुद्रणे पुसून टाकू नयेत, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि कर्ज देणारा नोंदणीकृत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावरही कळवावे. शरमेने गप्प बसणाऱ्यांवरच हा धंदा चालतो.

प्रश्न : मी एका मोठ्या आयटी कंपनीचे काम भुसावळहून घरबसल्या करतो. पगार वर्षाला साडेतीन लाख आहे. रात्री एका परदेशी ग्राहकासाठी संकेतस्थळे तयार करतो आणि त्यातून जवळपास तेवढेच मिळवतो. मोठा भाऊ रेल्वेत आहे. तो म्हणतो, ही चोरी आहे.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या बंधूंच्या नोकरीत परवानगीवाचून दुसरे काम करणे हा शिस्तभंग आहे, त्यामुळे त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. खासगी कंपन्यांत याचे उत्तर नियुक्तिपत्रात असते. ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी अशा दुहेरी नोकरीला उघडपणे फसवणूक म्हटले आणि पुढच्याच महिन्यात प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० जणांना काढून टाकल्याचे सांगितले. इन्फोसिसने त्याच वर्षी कर्मचाऱ्यांना पूर्वपरवानगीने बाहेरची कामे घेण्याची वाट मोकळी केली. म्हणजे एकाच उद्योगात एकाच वर्षी दोन भूमिका निघाल्या. यावरून हा सनातन नीतीचा प्रश्न नसून कराराचा आहे, असे मला वाटते.

करार मात्र दोन्ही बाजूंनी असतो. साडेसहा लाखांचे देकार हातात घेऊन महिनोन्‌महिने रुजू होण्याची वाट पाहणाऱ्या नव्या पदवीधरांना विप्रोनेच फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले होते. कंपनीने तसे करणे बेकायदा नव्हते, पण शब्दाला जागण्याचा उपदेश करणाऱ्याला ते शोभणारेही नव्हते. नव्या मुलांचा सुरुवातीचा पगार या उद्योगात दहा वर्षांहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे आणि त्या काळात पुण्यातले खोलीभाडे कोठल्या कोठे गेले आहे, हेही भावाला सांगून पाहावे.

इतके म्हणूनही आपल्याला सल्ला असा, की नियुक्तिपत्रातील दुसऱ्या कामाविषयीचे कलम वाचून परवानगी मागावी. कंपनीचा लॅपटॉप, तिच्या ग्राहकाची माहिती किंवा तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम रात्रीच्या कामाला वापरत असाल, तर भावाचा शब्द बरोबर आहे. वापरत नसाल तर तो जास्त कडक आहे. आणि परदेशातून येणारी रक्कम विवरणपत्रात दाखवत नसाल, तर ती चोरी सरकारची आहे. त्याबाबत माझ्याकडून सहानुभूतीची अपेक्षा करू नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय शिकवतो. मुलांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. ‘‘सर, ऑर्डर वरून येते, आम्ही कोण ठरवणार?’’ असे ती विचारतात. त्यांना काय सांगावे?
— एक प्राध्यापक, शिरपूर

उत्तर : तत्त्वे बाजूला ठेवून दोन खटले सांगावेत.

पहिला फोक्सवागनचा. या कंपनीच्या डिझेल गाड्यांत असा प्रोग्राम बसवलेला होता, की स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून गाडी चाचणीकेंद्रात आहे की रस्त्यावर, हे तो ओळखत असे. चाचणीत धूर नियमात बसे आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झाले आणि जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत तो प्रोग्राम असल्याचे कंपनीने कबूल केले. अमेरिकेत या प्रकरणात आधी तुरुंगात गेलेल्यांमध्ये जेम्स लिआंग हा अभियंता होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला ४० महिन्यांची कैद आणि दोन लाख डॉलरचा दंड झाला. तो कंपनीचा मालक नव्हता, संचालकही नव्हता. ज्यांना ‘ऑर्डर वरून येते’ असे वाटते, त्यांनी शिक्षा कोठवर खाली येते हे त्याच्या नावावरून पाहावे.

दुसरा खटला आपल्याकडचा आणि माझ्या व्यवसायाला खाली पाहायला लावणारा. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कळवले, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. ज्या तिमाहीत २,७०० कोटींचे उत्पन्न आणि ६४९ कोटींचा नफा दाखवला होता, तीत प्रत्यक्ष उत्पन्न २,११२ कोटी आणि नफा अवघा ६१ कोटी होता. हे एका माणसाने रात्री एकट्याने बसून केलेले नव्हते. हजारो बनावट बिले संगणकावर तयार झाली, मुदतठेवींचे खोटे कागद तयार झाले, आणि बँकेतल्या शिलकीची खातरजमा परस्पर बँकेकडून करून घेणे हे लेखापरीक्षकाचे पहिल्या इयत्तेतले काम असूनही वर्षानुवर्षे त्यावर सह्या होत राहिल्या. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत राजू बंधूंबरोबर दोन लेखापरीक्षक होते, अंतर्गत लेखापरीक्षक होते आणि वित्त विभागातले पगारी कर्मचारीही होते. पुढे अपिले झाली, जामीन मिळाले. पण त्या कर्मचाऱ्यांच्या आयुष्याची मधली वर्षे परत आली नाहीत.

खालच्या माणसाने काही केले तर उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘कधी कधी, आणि काही काळ’ असे आहे. २०१८ मध्ये गुगलच्या काही हजार कर्मचाऱ्यांनी, ड्रोनने टिपलेली दृश्ये ओळखण्याच्या अमेरिकन लष्कराच्या ‘मेव्हन’ प्रकल्पाविरुद्ध सह्यांचे पत्र दिले. कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही, असे जाहीर तत्त्वांत लिहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वचन त्या तत्त्वांतून काढून टाकण्यात आले. मुलांना हे दोन्ही सांगावे. एकट्याने दिलेला नकार राजीनामा ठरतो, अनेकांनी मिळून दिलेल्या नकाराची दखल घ्यावी लागते. आणि घेतलेली दखल टिकवायची असेल तर माणसांना जागेवर राहावे लागते.

परीक्षेच्या दृष्टीने एक सूचना. उत्तरपत्रिकेत नीतीची व्याख्या लिहून घेण्यापेक्षा, वरिष्ठांना आक्षेप कळवणारे अर्ध्या पानाचे पत्र लिहायला लावावे. त्यात कोणत्या तारखेला काय करायला सांगितले गेले, त्यात नियमाचा कोणता भंग दिसतो आणि त्याऐवजी काय करता येईल, एवढेच असावे. भल्या भल्या अभियंत्यांना ते लिहिता येत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांनी अमळनेरच्या तेलाच्या कारखान्याचे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. त्यांचे आज काय झाले आहे, हे आपणास ठाऊकच असेल. नातू बंगळुरूला शिकतो. तो म्हणतो की संगणक उद्योगातले धनाढ्य लोक देणग्या देऊन आपले नाव धुऊन घेतात, आणि आपणही त्या पैशाचे भागीदार आहोत. मला वाईट वाटले.
— एक ज्येष्ठ वाचक, अमळनेर

उत्तर : अमळनेरकरांना हा इतिहास सांगण्याची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन केलेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी अमळनेरला वनस्पती तूप तयार करू लागली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजींनी ती हाती घेतली आणि आयबीएम ही अमेरिकन संगणक कंपनी भारतातून गेल्यानंतरच्या काळात ती संगणकाकडे वळली. तीच आजची विप्रो. ज्यांनी त्या काळी घेतलेले शेअर विकले नाहीत, त्यांना बोनस शेअर मिळत गेले आणि गावात कितीतरी घरांची परिस्थिती पालटली.

मार्च २०१९ मध्ये प्रेमजींनी आपल्याकडील विप्रोच्या ३४ टक्के शेअरचे उत्पन्न, म्हणजे त्या वेळच्या भावाने ५२,७५० कोटी रुपये, समाजकार्यासाठी राखून ठेवल्याचे जाहीर झाले. एकूण देणगी १ लाख ४५ हजार कोटींवर गेली. एवढ्या देणगीला नाव धुणे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परंतु आपल्या नातवाचा मूळ मुद्दा मोडीत काढण्यासारखा नाही. अमेरिकेतील न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या भंगाबद्दल दोषी धरले ते २००० साली, आणि गेट्स प्रतिष्ठान आजच्या रूपात उभे राहिले तेही २००० सालीच. प्रतिष्ठानाने लसीकरणासाठी केलेले काम खरे आहे आणि न्यायालयाचा निकालही खरा आहे. वहीत जमेची नोंद खर्चाच्या बाजूला खोडरबर म्हणून वापरता येत नाही. दोन्ही नोंदी तशाच राहतात. आपल्या गावचेच उदाहरण घ्यायचे, तर १९१६ साली गिरणीमालक प्रताप शेठजींच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. त्या संस्थेचे मोल मानताना गिरणी कामगारांना काय मजुरी मिळत होती, हे विचारायला कोणी बंदी केलेली नाही. (विचारणारे मात्र फारसे भेटत नाहीत.)

वाईट वाटून घेऊ नये. भागधारकाला वार्षिक अहवाल मिळतो आणि मताचा अधिकार असतो. नवे पदवीधर, कर्मचारीकपात, वरिष्ठांचे वेतन यांविषयी सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो आणि सभा आता घरबसल्या संगणकावरून ऐकता येते. नातवाला शेजारी बसवून या वर्षी एक प्रश्न पाठवावा.

प्रश्न : माझा भाऊ पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या कंपनीत होता. कायदा आला आणि नोकरी गेली. कालपर्यंत सरकार त्याच खेळावर २८ टक्के कर घेत होते. मग दोष एकट्या कंपनीचा कसा?
— एक वाचक भगिनी, नंदुरबार

उत्तर : एकट्या कंपनीचा नाही. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर घ्यायचा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तोच खेळ चालवणे गुन्हा ठरवायचे, यात सरकारची भूमिका सुसंगत दिसत नाही. पण या खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोकांचे २०,००० कोटींहून अधिक रुपये बुडतात, असा सरकारचाच अंदाज होता, आणि कोणता खेळाडू रात्री दोन वाजता किती हरतो हे सर्वांत आधी कंपनीच्या संगणकावर दिसत होते. मटक्याच्या अड्ड्यावर धाड पडली तर चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही नेतात. आपल्या भावावर तसली वेळ आलेली नाही. त्याने नव्या अर्जात कंपनीचे नाव लपवू नये. तेथे शिकलेले काम सांगावे. थकलेला पगार, सूचनाकाळाचे पैसे आणि पाच वर्षे सेवा झाली असल्यास ग्रॅच्युइटी त्याला मिळाली पाहिजे, कारण कंपनीचा धंदा बंद पडला म्हणून कामगाराचे देणे बुडत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑनलाइन जाहिरातींचे काम करणाऱ्या एका कंपनीत वर्षाला ३ लाख ६० हजारांवर निवड झाली आहे. माझ्यावर सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज आहे. आमचे सर सांगतात की तत्त्वासाठी लोकांनी कोट्यवधी डॉलरवर पाणी सोडले. मला लोकांची माहिती विकायचे काम करायचे नाही. पण नाही म्हणायची हिंमतही होत नाही.
— एक विद्यार्थिनी, चाळीसगाव

उत्तर : सर बहुधा व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांच्याविषयी सांगत असतील. जाहिरातींवरून मतभेद झाल्यावर २०१७ मध्ये त्यांनी फेसबुक सोडले आणि पुढे मिळणारे सुमारे ८५ कोटी डॉलरचे शेअर तसेच सोडून दिले. कौतुक करण्यासारखीच गोष्ट आहे. फक्त २०१४ मध्ये व्हॉट्सॲप फेसबुकला १९ अब्ज डॉलरला विकले गेले तेव्हा त्यांच्या वाट्याला आधीच अब्जावधी डॉलर आले होते, हे त्यात सांगायचे राहते. ज्याच्या घरचा हप्ता बँकेत वाट पाहतो आहे, त्याने त्यांच्याशी तुलना करून स्वतःला भित्रे समजू नये.

आपण आपला हिशेब मांडू. सहा लाख रुपये साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे, तर हप्ता महिन्याला सुमारे १०,१०० रुपये येतो. तीस हजारांतून भविष्य निर्वाह निधी वगैरे जाऊन हातात साधारण २६,००० येतील. पुण्यात खोली, मेस आणि बस यांना काटकसरीने १२,००० लागतील. शिल्लक चार हजारांच्या आत. सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ता मिळून सुमारे १ लाख ३३ हजारांची गंगाजळी या शिलकीतून साठवायला जवळपास तीन वर्षे लागतील, आणि तोवर वरिष्ठाने काहीही सांगितले तरी मान डोलवावी लागेल. मात्र बहुतेक शैक्षणिक कर्जांत अभ्यासक्रमानंतर वर्षभर हप्ता सुरू होत नाही. त्या वर्षात महिन्याला १४,००० बाजूला टाकले, तर तीच रक्कम दहा महिन्यांच्या आत जमते. या काळात व्याज चढत राहते, वर्षाला साधारण ६३,००० रुपये, आणि हिशेबी माणूस म्हणून मी एरवी ते आधी भरायला सांगितले असते. आपल्या पत्रातली काळजी वाचून सांगतो, की पहिले वर्ष गंगाजळीला द्यावे. नवा फोन आणि स्कूटर दुसऱ्या वर्षी.

जाहिरातीचे काम मुळातच वाईट आहे असे मी मानत नाही. हे मासिकही जाहिरातींवर चालते. जाहिरात कोणाला दाखवायची हे ठरवण्यासाठी माणसाचे काय काय गोळा केले जाते, हा प्रश्न आहे. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या मिळकतीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा आहे, आणि केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती परस्पर गेल्यानंतर २०१९ मध्ये फेसबुकला अमेरिकेत पाच अब्ज डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मुलाखतीत ‘तुमची नीतिमूल्ये काय’ असे विचारल्यास भिंतीवरचा मजकूर वाचून दाखवतील. त्यापेक्षा कंपनीला पैसे देणारा ग्राहक कोण, लोकांची माहिती कोठून येते, किती दिवस ठेवली जाते आणि एखाद्याने ‘माझी माहिती पुसा’ म्हटल्यास ती कोण पुसते, हे विचारावे. नव्या मुलीने असे विचारले म्हणून निवड रद्द झाल्याचे मी ऐकलेले नाही. उलट काम समजते, असाच ग्रह होतो. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर काय समजायचे ते आपण जाणताच.

नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी बाँडचे कलम नीट वाचावे. दोन वर्षे नोकरी न सोडण्याची अट घालून लाख-दोन लाख मागणाऱ्या कंपन्या आहेत. ती रक्कम प्रशिक्षणावर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाशी जुळते का, हे लेखी विचारावे. आणि मूळ गुणपत्रके किंवा पदवी प्रमाणपत्र कोणी ठेवून घ्यायला मागितले तर देऊ नये. मूळ प्रती दाखवून परत आणाव्यात आणि सही केलेल्या छायाप्रती द्याव्यात.